पांढऱ्या घरातले सर

नवं गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारते, "ओला टॉवेल कुठे वाळत घालणार?" गिऱ्हाईक गोंधळतं. त्याने फोनमध्ये परदेशातल्या घरांचे फोटो जमवून आणलेले असतात आणि त्या घरांत कोणी अंघोळ करत असल्याचा पुरावा नसतो. तिथे कोणी स्वयंपाकही करत नाही. लांबलचक ओट्यावर एका वाडग्यात लिंबं ठेवलेली असतात, बस्स. "मॅडम, अगदी असंच हवं," असं म्हणून माणूस मला ती लिंबं दाखवतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या घरातलं कांदे-बटाट्यांचं टोपलं, दळणाचा डबा, सासूबाईंची औषधं, मुलाचं क्रिकेटचं किट आणि माळ्यावरचं गणपतीचं मखर नाचायला लागतं.

डोंबिवली, कल्याण, ठाणे आणि आता शीळफाट्याकडे उगवलेले टॉवर, एवढ्या मुलखात मी बरीच वर्षं लोकांची घरं आतून करून देते आहे. आता काम कमी केलंय, कारण गुडघे अर्धवट बांधलेल्या जिन्यांना कंटाळले. लोकांचा समज मात्र अजून तोच, की आमचं काम म्हणजे पडदे आणि उशा. खरं काम फार रुक्ष असतं. दार कुठल्या बाजूला उघडलं तर फ्रिजवर आपटणार नाही, आजोबांना पलंगावरून उठताना हाताला आधार कशाचा मिळेल, कामवाल्या बाईंनी केरसुणी ठेवायची कुठे, संध्याकाळी देवापाशी बसणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवा येतो का. माणसाला आपल्या घरात न अडखळता वावरता यावं आणि वावरताना नजरेला बरं वाटावं, ही आमची कला. ती जमली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तिची मागणी कोणी करत नाही.

मागण्या वेगळ्याच असतात. कल्याणच्या एका व्यापाऱ्यांना दिवाणखान्यात धबधबा हवा होता. धबधबा झाला. घरातल्या सगळ्यांना तो आवाज ऐकून सारखं बाथरूमला जावंसं वाटायला लागलं आणि धबधबा बंद झाला. आता त्यात कुंड्या आहेत. ठाण्याच्या एका जोडप्याला स्वयंपाकघर दिसायला नको होतं. "म्हणजे असावं, पण कळू नये," त्या बाई म्हणाल्या. शहाडच्या एका गृहस्थांना छतापर्यंत पुस्तकांचं कपाट हवं होतं. कपाट झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुस्तकं तुम्हीच आणाल ना? शक्यतो ब्राऊन बघा."

अशा लोकांवर माझं घर चाललं, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तरी ठेवते. पण या सगळ्या वर्षांतलं एक घर मात्र मी हसण्यावारी नेऊ शकले नाही. ते खांबेटे सरांचं.

खांबेटे सर डोंबिवलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन बराच काळ झाला होता आणि पत्नीही गेल्या होत्या. मुलगा प्रसाद सॉफ्टवेअरमध्ये, सून मानसी बँकेत. त्यांची जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा प्रसादने तिथला हक्क विकून शीळफाट्याजवळ टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर मोठा फ्लॅट घेतला आणि तो एका तरुण डिझायनरकडून सजवूनही घेतला. तिघं राहायला गेल्यावर वर्षभराच्या आतच मानसीने मला फोन केला. तिच्या बँकेतल्या मैत्रिणीचं घर मी केलं होतं.

"ताई, छोटंसंच काम आहे," ती म्हणाली. "बाबांची खोली जरा सेफ करून हवीय."

मी गेले. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. भिंती पांढऱ्या. फरशी पांढरी, आणि इतकी चकचकीत की खिडकी वरही दिसत होती आणि पायाखालीही. सोफा पांढरा, जेवणाचं टेबल पांढरं, बटणं पांढरी. आतली दारंही पांढरी, भिंतीत मिसळून गेलेली, त्यांना ना चौकट ना मूठ. पाहुण्याने भिंत चाचपत जायचं आणि जिथे भिंत आत गेली ते बाथरूम समजायचं. चप्पल कुठे ठेवायची हे कळेना, म्हणून मी ती हातात धरून उभी राहिले. कोणाच्या तरी ऑपरेशनला आल्यासारखं वाटत होतं.

"ऑल व्हाइट थीम," प्रसाद म्हणाला. "पण एकच व्हाइट नाहीये हां मॅडम. हा आयव्हरी, तो समोरचा पर्ल, आणि बेडरूममध्ये एगशेल."

मी पाहिलं. मला तिन्ही चुनाच वाटले. मी मान डोलावली. या धंद्यात मानेला व्यायाम चांगला होतो.

मग मानसी आवाज खाली आणून बोलायला लागली. "बाबांचं आजकाल काहीतरी बिघडलंय. म्हणजे... त्यांना कळत नाही. पाण्याचा ग्लास टेबलाच्या बाहेर, हवेत ठेवतात, फुटतो. ताटात अर्धा भात तसाच टाकतात. शेजारचे काका समोर येऊन हसले तरी यांची ओळख नाही. गॅलरीच्या काचेवर दोनदा आपटले. आणि बाथरूममध्ये तर..." ती थांबली. "जाऊ दे."

"डॉक्टर?"

"पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे," प्रसाद म्हणाला. "पण आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. गॅस चालू राहिला, दार उघडून खाली निघून गेले, तर? म्हणून खिडकीला जाळी, आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी. दुपारी बाई असते, ती उघडेल."

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "कडी दिसायला नको मात्र. थीममध्ये बसली पाहिजे."

म्हणजे वडिलांना कोंडायचं, पण आयव्हरीमध्ये. मी हे मोठ्याने म्हटलं नाही. दोघांचे चेहरे ओढलेले होते, मानसीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती दुष्ट माणसं नव्हती. घाबरलेली होती आणि घाबरलेल्या माणसाला कडी फार पटकन सुचते.

सर त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. स्वच्छ लेंगा-सदरा, पाठ ताठ. मी आत गेले तशी त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या अंगावरून पलीकडे पाहिलं.

"कोण?"

"नमस्कार सर. मी वीणा, इंटिरियरचं काम करते. खोलीची मापं घ्यायला आलेय."

"घ्या," ते म्हणाले. "पांढऱ्यावर अजून थोडं पांढरं लावा."

भ्रमिष्ट माणूस इतका नेमका टोमणा मारत नाही, हे माझ्या डोक्यात तिथेच नोंदलं गेलं. मानसीने आमच्या दोघांसाठी चहा आणून त्यांच्या पांढऱ्या टेबलावर ठेवला. पांढरेच कप. तिला ऑफिसचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली. मी टेप काढायला पर्स उघडली तर माझी चष्म्याची काळी केस टेबलावर पडून घरंगळली. सरांनी चटकन हात पुढे करून ती अडवली आणि मला दिली. अगदी सहज. आणि मग तोच हात चहासाठी टेबलावरून हळूहळू सरपटायला लागला, कपाच्या डावीकडून पुढे निघून गेला, परत आला, थांबला. चहा नकोच होता असं दाखवत त्यांनी हात मांडीवर ठेवला.

माझ्याजवळ गडद निळी फाईल होती. मी काही न बोलता ती त्यांच्या कपाखाली सरकवली. सरांची मान किंचित तिरकी झाली. त्यांनी हात पुढे केला, कप उचलला, एक थेंबही न सांडता चहा प्यायले, आणि कप परत निळ्यावर ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं.

"हुशार आहात," ते म्हणाले.

"सर, डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी फाईलची कड बोटाने चाचपली. "काचबिंदू. जुनं दुखणं आहे. हिला ठाऊक होतं, हीच थेंब घालायची. ती गेल्यावर माझंही सुटलं. आधी कडेकडेचं गेलं, आता मधलंही विटलंय. गडद काही असलं की कळतं. या घरात गडद काही नाहीच."

"जुन्या घरात कोणालाच कळलं नाही?"

"तिथे फरशी लाल, दारं हिरवी, हिचा तांब्या पितळेचा. ताटंसुद्धा स्टीलची, भात दिसायचा. मी सराईतासारखा फिरायचो."

म्हणजे त्या जुन्या घराने त्यांचं गुपित सांभाळलं होतं. कुठल्याही डिझायनरचा हात न लागता. नव्या घराने, म्हणजे आमच्या धंद्याने, सरांना राहायला आल्यापासून काही महिन्यांत वेडं ठरवलं होतं.

"मुलाला सांगितलं का नाही तुम्ही?"

"जन्मभर पोरांना ओरडत आलो, नीट बघा, बघायला शिका. आता चित्रकलेच्या मास्तराला दिसत नाही हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा म्हातारा चळलाय म्हणू देत." मग हलक्या आवाजात, "तुम्हीही बोलू नका."

मी अडचणीत आले. एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाटळपणे बाहेर सांगणं मला आवडत नाही. पण माझ्या पर्समध्ये कडीची मापं लिहायची पेन्सिल होती.

"सर," मी म्हटलं, "मला या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावायला बोलावलंय."

ते माझ्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिले. "कोंडणार मला?"

"ते तसं म्हणत नाहीत. सेफ्टी म्हणतात."

सरांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि हाक मारली, "प्रसाद!" मागच्या बाकावरच्या मुलाला मारावी तशी. प्रसाद धावत आला. पाठोपाठ मानसी.

"काय झालं बाबा?"

"तुझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?"

"ग्रे. का?"

"मला दिसत नाहीये. तूही नीट दिसत नाहीस. बरेच महिने झाले, मी तुला आवाजावरून ओळखतो."

प्रसाद हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. "म्हणजे... ग्लास? ती काच?"

"काचेवर तर माशीसुद्धा आपटते, मी तर माणूस आहे."

"आणि बाथरूम?" मानसीने विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"पांढरं भांडं, पांढरी भिंत, पांढरी फरशी," सर म्हणाले. "अंदाजाने उभा राहतो. अंदाज चुकतो."

मानसी पलंगाच्या कडेला बसली. "आणि भात? मला वाटायचं तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही. मी यूट्यूबवर बघून बघून आमट्या बदलल्या."

"त्यातली चिंचगुळाची चांगली होती," सर म्हणाले.

प्रसाद चिडला. "सांगायचं ना बाबा! आम्ही काय काय समजून बसलो! मी रात्ररात्र नेटवर वाचत बसायचो, पुढे काय काय होणार म्हणून!" आणि ओरडता ओरडताच त्याचा आवाज फाटला. सरांनी हात पुढे केला. तो हवेत चुकीच्या जागी गेला. प्रसादने पुढे होऊन तो धरला.

निघताना प्रसाद मला म्हणाला, "ती कडी... राहू दे ना?"

राहू दे म्हटलं. एखादं काम हातचं गेल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, जितकी टिकेल तितकी. मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द झाली. आता घर बदलायचं होतं, आणि इथून माझी खरी लढाई सुरू झाली, कारण पश्चात्ताप झालेल्या मुलाचीसुद्धा थीम असते.

"मॅडम, बाबांच्या खोलीत काहीही करा," प्रसाद म्हणाला. "हॉलमध्ये मात्र अगदी सटल."

"सटल म्हणजे तुमच्या बाबांना दिसणार नाही एवढं?"

त्याने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी रीसेल व्हॅल्यूचा मुद्दा घेऊन आला. ज्या घरात आपण अजून धड राहिलो नाही, ते आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाला आवडेल ना, ही काळजी आमच्याकडे फार. मी म्हटलं, "तुम्ही एक दिवस डोळ्यांवर मलमलीचं फडकं दुहेरी बांधून या घरात फिरा. मग ठरवू." त्याने खरंच बांधलं. जेवणाच्या टेबलाचा कोपरा मांडीला लागल्यावर रीसेलचा विषय निघाला नाही.

काम तसं मोठं नव्हतंच. दारांना गडद निळ्या चौकटी आणि हाताला लागेल अशा मुठी. चकचकीत फरशीवर पायाला पकड देणारी मातकट रंगाची जाजमं, चारी बाजूंनी चिकटवलेली. बटणांभोवती काळ्या पट्ट्या. काचेवर डोळ्यांच्या उंचीला पिवळा पट्टा. बाथरूममध्ये भांड्यामागची भिंत गडद हिरवी आणि बैठक काळी. टेबलावर निळी ताटं. दिवे भिंतीकडे वळवले, म्हणजे डोळ्यांवर तिरीप येणार नाही. यातलं काही मासिकात छापून येण्यासारखं नव्हतं.

पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, तेच सगळ्यात मोठे टीकाकार निघाले. काम संपल्यावर सर घरभर फिरले. न चाचपता दारापर्यंत गेले, बरोबर मूठ धरली, दिवा लावला, बंद केला. आम्ही तिघं मागोमाग.

"दिसतंय," सर म्हणाले. "पण भयानक दिसतंय."

"सर!"

"निळ्याशेजारी असला पिवळा? मी सातवीतल्या पोराला कागद फाडून परत दिला असता. घराची रसवंती केलीत तुम्ही."

मला राग यायला हवा होता. पण त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते खरं असण्याला इलाज नव्हता. ज्याने जन्मभर मंद, मिसळलेले रंग जपले, त्याला आता चालता यावं म्हणून रंगांनी किंचाळणं भाग होतं. हे त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी ते निळ्या ताटात जेवले, भात संपवला, परत मागितला, आणि वर म्हणाले, "ताटाचा रंग बघायला नको म्हणून लवकर संपवला."

प्रसादचे मित्र आले तेव्हा त्यांनी मात्र "वा, काय बोल्ड कलर ब्लॉकिंग!" म्हणून फोटो काढले. प्रसादने ही संकल्पना आपली असल्यासारखं मंद स्मित केलं. त्यातल्या एकाने मला फोन करून सांगितलं, "सेम टु सेम करायचंय." मी विचारलं, घरात कोणाला कमी दिसतं का? तो म्हणाला, नाही, पण ट्रेंडिंग दिसतंय.

त्या घरात सरांची काही वर्षं बरी गेली. स्वतःचा चहा स्वतः करायचे, खाली बागेत जायचे, शेजारच्या काकांना त्यांच्या खोकल्यावरून ओळखून हाक मारायचे. अधूनमधून मला फोन करून पिवळ्या पट्ट्याबद्दल बोलायचे. मग फोन कमी झाले.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा आला. "वीणाबाई, आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तुमचे ते पट्टे काढून टाका."

"अहो, पण..."

"ते माझ्यासाठी होते. माझ्या पायांना घर पाठ झालंय. बाकीच्या दोघांना डोळे आहेत, त्यांनी का सोसायचं?"

मी पेंटरला घेऊन गेले. मानसी म्हणत होती, "राहू देत ना बाबा, आम्हाला सवय झालीय." सरांनी ऐकलं नाही, आणि पट्ट्यांच्या जागी पुन्हा पांढरंही नको म्हणाले. ते हॉलमध्ये मोठ्या भिंतीसमोर खुर्ची घेऊन बसले आणि रंग सांगायला लागले.

"शहाडच्या पुलाखालचं नदीचं पाणी. पावसाळा सरल्यावर गाळ खाली बसायला लागतो, तेव्हाचं. दुपारचं नाही, चारनंतरचं."

पेंटरने माझ्याकडे पाहिलं. शेडकार्डात असा रंग नव्हता. तो डब्यात थोडं हे, थोडं ते घालत ढवळत राहिला आणि भिंतीवर ब्रशचा एक फराटा ओढला. मला तो सुरेख वाटला.

"छान आलाय, सर," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं. ते पाणी तुम्ही बघितलेलं नाही." मग त्यांनी मान वळवली. "प्रसाद, तू होतास. दर रविवारी मी स्केचिंगला न्यायचो तुला. कंटाळायचास. आलाय का रंग?"

प्रसाद लॅपटॉप बाजूला ठेवून उठला. भिंतीजवळ गेला, मग दोन पावलं मागे आला. खिशातला फोन वाजला तो त्याने न बघता बंद केला. हाच माणूस मला आयव्हरी आणि पर्ल समजावून सांगत होता, तेव्हा माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. तो बराच वेळ बघत होता.

"नाही बाबा," तो म्हणाला. "हा जास्त निळा झालाय. पाण्यात अजून थोडी माती होती. आणि काठाच्या झाडांचं हिरवं पडायचं त्यात, अगदी कडेला."

सर पुढे झुकले. "किती हिरवं?"

"जेमतेम. लक्ष नसेल तर कळणारही नाही."

पेंटरने ढवळायची काठी प्रसादच्या हातात दिली. तो ती धरून डब्याकडे पाहत उभा राहिला.

"मग बघतोस काय," सर म्हणाले, "घाल."